आतला काठ

लखनऊ शहर मागे पडलं की गोमतीच्या काठच्या काँक्रीटच्या भिंती संपतात. तिथल्या एका वळणावर मधुकर दर मंगळवारी काठ मोजायला जायचा. तो सर्वेक्षण खात्यात इंजिनियर. बायको-मुलगी नाशिकला, हा एकटा अलीगंजच्या भाड्याच्या खोलीत. आठवडाभर हिंदीच बोलणं. मंगळवारी तेवढं मराठी, कारण त्या काठावर चंद्रप्रभाकाकू राहायच्या.

काकूंचे यजमान हवाई दलात होते. ते गेले, मुलगा बंगळूरला गेला, त्या मात्र तिथेच राहिल्या.

"किती उरलं?" चहाचा कप पुढे करत त्या विचारायच्या.

"काठापासून तुमच्या घरापर्यंत अकरा मीटर. काकू, वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात लागते. काठ खालून पोखरला जातो, वरून काही कळत नाही."

"आणि ती माती जाते कुठे?"

"पुढच्या वळणाला आतल्या अंगाचं पाणी मंदावतं. तिथे टाकते नदी. आधी जड, मग हलकं."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "म्हणजे फेकत नाही. ठेवते."

सप्टेंबरात पाणी चढलं. अकराचे सहा झाले, मग चार. घर तातडीनं रिकामं करावं असा अहवाल मधुकरनं लिहिला, सही केली आणि बॅगेत ठेवला. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत आठवडा काढला. काकू गेल्या तर मंगळवारी बोलायचं कुणाशी, हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी काठ कोसळला. घर, अंगण, कडुनिंब, सगळं गेलं. काकू सापडल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर तो पुढच्या वळणावर वाळूचे नमुने घ्यायला गेला. चार वाजले होते, ऊन स्वच्छ होतं. आतल्या काठाला लांबच लांब नवी वाळू पडली होती. जगदीश नावाड्यानं नाव टेकवली, पण स्वतः उतरला नाही.

"साहब, जल्दी आइएगा," एवढंच तो म्हणाला.

वाळू जाड होती. वीस पावलांवर विटा दिसल्या. मधुकर वाकला. विटा विखुरलेल्या नव्हत्या. एकावर एक, सांधे चुकवून रचल्यासारख्या बसल्या होत्या. त्यापुढे तीन पायऱ्या. पायऱ्यांवर उंबरा आणि चौकट, ओळंब्यात उभी. दार लावलेलं. दारावर काकूंच्या यजमानांच्या नावाची पितळी पाटी.

त्यानं पाटीला हात लावला. ती कोमट होती.

"काकू?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

दारामागे भिंत नव्हती, छप्पर नव्हतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी त्याला पलीकडचं आकाश दिसत होतं. तरी आवाज दाराच्या आतूनच आला होता.

"काकू, अहवाल माझ्याकडेच राहिला," तो म्हणाला.

आतून कुणीतरी हळू बोललं. दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं. मग बायका हसल्या, ओट्यावर बसून हसाव्यात तशा.

मधुकर चौकटीला वळसा घालून मागे गेला.

वाळू वळणाबरोबर वळत दूरवर गेली होती. तिच्यावर ओळीनं उंबरे होते. काही लाकडी, काही दगडी, काही इतके जुने की नुसती कड वर दिसत होती.

प्रत्येक उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या.

सगळ्या ओल्या होत्या.