बाबांच्या मापाचा पट्टा

तसं काम अगदी किरकोळ होतं. बाबांच्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यातली एक पिन सैल झाली होती, आणि ती बसवून घ्यायला ताई धाकट्या भावाकडे निघाली होती. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या माघारी घड्याळ तिने आपल्याजवळ ठेवलं होतं आणि आता ते हातात घालायचं ठरवलं होतं. पिन काय, कोपऱ्यावरच्या दुकानातही बसली असती. पण भावाचा रात्रंदिवस उद्योगच घड्याळांचा, तेव्हा त्याला सोडून दुकानात जाणं बरं दिसलं नसतं.

भाऊ पन्नाशीला टेकला होता, टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, तरी घरात सगळे त्याला बाळच म्हणत. जुन्या धाटणीच्या भारी घड्याळांचं त्याला वेड. खरी परवडायची नाहीत, म्हणून हुबेहूब नकला मागवायचा. त्यांत कुठून कुठून मिळवलेले जुने काटे बसवायचा, कोऱ्या डायलींना कॉफीच्या पाण्याने पिवळेपणा आणायचा, आणि असली बनवाबनवीची घड्याळं मनगटावर मिरवत हौशी मंडळींत फिरायचा. लाडाने वाया गेलेलं कार्टं, असं ताई त्याच्या तोंडावर म्हणायची.

दार वहिनीने उघडलं. बाळ पार्सल आणायला खाली गेला होता. घरात कुणी आजारी निजलं असावं तशी वहिनी आवाज दाबून बोलत होती. घड्याळ त्याच्या टेबलावर ठेवून जाते, असं ताईने म्हटलं, तर वहिनीने तिचा हातच धरला.

"आत नका जाऊ, ताई... मीपण जात नाही हल्ली."

नको म्हटलं की ताई ते हमखास करायची, लहानपणापासून. ती आत गेली.

उन्हाने डायली विटतात, म्हणून त्या खोलीला कायम जाड पडदे. बाहेर टळटळीत दुपार, आणि आत टेबलावरच्या दिव्याचा काय तो उजेड. भिंतीशी फिरत्या डब्या मांडलेल्या होत्या. ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात, हातातून उतरवली की दोन दिवसांत बंद पडतात. म्हणून त्यांना डबीतल्या उशीवर अडकवून ठेवायचं, म्हणजे मोटर त्यांना हळूहळू फिरवत राहते. अंधारात त्या डब्यांची घरघर चालली होती. स्पिरिटचा वास होता, तेलाचा होता, कॉफीचा होता. आणि त्या सगळ्याखाली दबलेला आणखी एक वास, ओळखीचा, पण चटकन लक्षात येईना. मग आला. मलम चोळलेल्या पाठीचा, दिवसेंदिवस न बदललेल्या चादरीचा... वॉर्डाचा वास.

घड्याळ ठेवायला एखादी डबी मिळेल म्हणून तिने टेबलाचा खण ओढला. आत फडक्यावर घड्याळांची रिकामी स्टीलची कवचं ओळीने ठेवली होती. प्रत्येकावर काचेच्या कडेला, एकाच जागी, एक पोचा. पहिला भलतीकडेच पडलेला, त्यापुढचा नको इतका खोल, त्यापुढचा बऱ्यापैकी जमलेला. बाबा जहाजावर इंजिन सांभाळायचे. तरुणपणी परदेशच्या एका बंदरात घेतलेलं त्यांचं घड्याळ लोखंडी शिडीवर आपटलं होतं, तेव्हाचा तो पोचा. त्यावरून बोट फिरवत ताई लहानाची मोठी झाली होती. इथे कुणीतरी तो पाटीवरच्या अक्षरासारखा गिरवला होता. आणि तिच्या हातातल्या घड्याळावर तो अगदी बरोब्बर जमला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळाचं काय घेऊन बसलात, जळो ते घड्याळ! शेवटचं वर्षभर बाबा एकच सांगत होते. हे माझं नव्हे, हे हलकं लागतं, माझं कुणीतरी नेलंय. आणि हा बाळ डोळ्यांत पाणी आणून डॉक्टरांना सांगायचा की बाबांचं डोकं फिरलं, स्वतःचं घड्याळ ओळखत नाहीत, पोटच्या पोरांवर आळ घेतात. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बाबा दिवसभर पडून राहायला लागले. मनगट वाळत गेलं तसतशा पट्ट्याच्या कड्या काढाव्या लागल्या. शेवटी वॉर्डात त्यांचे हात खाटेला बांधले, कारण ते घड्याळ ओरबाडून काढायला बघत. चांगला शहाणासुरता माणूस वेडा म्हणून मेला. ताईला बाळच्या तोंडून आता एवढंच ऐकायचं होतं की बाबा शुद्धीवर होते. ते ऐकल्याशिवाय ती या घरातून हलणार नव्हती.

बाळ आला. उघडा खण दिसला तसा दारातच खिळला. ताईने हातातलं नकली घड्याळ टेबलावर आपटलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्याच्या सगळ्या पिढ्या काढल्या, त्या आपल्याही आहेत हे विसरून. बाळने आधी टाळाटाळ केली, मग तोही चढला. म्हणे, आजारपणाच्या गडबडीत ते कुणीही लांबवलं असतं, मी जपून ठेवलं. म्हणे, बाबांना काय फरक पडत होता.

"बाबांना सगळं कळत होतं," ताई म्हणाली. "म्हण."

"डोकं फिरलेलंच होतं त्यांचं..."

टक्.

आवाज बारीकच होता. पण बाळ पांढराफटक पडला आणि डावा हात पोटाशी धरून खाली बसला. ताईने पुढे होऊन त्याची बाही वर ओढली, आणि तिच्याही तोंडचं पाणी पळालं.

खरं घड्याळ तिथे होतं. पट्टा मांसात रुतला होता, पंजा निळा पडला होता. आपल्या जाड मनगटासाठी कड्या वाढवून घेतल्या होत्या, असं बाळ घोगऱ्या आवाजात सांगू लागला. आता त्या कमी होत होत्या. गळून पडत नव्हत्या, कुठे सापडत नव्हत्या, नुसत्या कमी होत होत्या. खटका उघडत नव्हता. करवतीचे दात मोडले, पट्ट्यावर साधा ओरखडा उठला नाही. पार्सलातून त्याने नव्या कड्या मागवल्या होत्या. त्या कुठे बसवणार होता, देव जाणे.

"मापाला आणताहेत, ताई... त्यांच्या शेवटच्या मापाला..."

दया यायला हवी होती. नाही आली. राग इतका होता की भीतीलाही आत जागा नव्हती.

"म्हण," ती म्हणाली.

बाळ रडायला लागला. नाक ओढत, लहान पोरासारखा. "त्यांचं डोकं शाबूत होतं. घड्याळ मीच बदललं. मीच खोटं बोललो."

खटका आपोआप उघडला आणि घड्याळ फरशीवर पडलं. भिंतीशी चाललेली घरघर एकदम थांबली.

ताईने ते उचललं. केवढं जड होतं! बाबा बरोबर होते, आणि हे या चोराच्या तोंडून वदवून घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले. कुणाची परवानगी न घेता तिने घड्याळ आपल्या हातात घातलं आणि खटका दाबला. बाळच्या मनगटावरून उतरलेला पट्टा तिच्या बारक्या हातावर बांगडीसारखा लोंबायला हवा होता. तो अगदी नीट बसला.

बाळने वर पाहिलं. "घातलंस?" तो कुजबुजला. "अगं, त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलंच नाही... गेल्यापासून रोज इथे टेबलाशी येऊन बसायचे आणि एकच विचारायचे. ताई कधी येणार?"

ताई उसळली. चोरी करायची यांनी आणि बोट दाखवायचं तिच्याकडे! तिचा काय संबंध? टक्. गोळ्या काय तिने लिहून दिल्या होत्या? टक्. ती थबकली. खटका उघडायला गेली, तो हलेना. पट्ट्याखाली बोट जाईना.

तेव्हा तिला तो दिवस आठवला. कड्या काढून आणायला तीच घड्याळ घेऊन दुकानात गेली होती. तळहातावर घेतलं तेव्हा ते हलकं लागलं होतं. ओळखलं होतं तिने, तिथेच, त्याच क्षणी. पण घरी आल्यावर बाबा झोपलेले होते. ते झोपलेले असले की घर शांत असायचं, स्वयंपाक वेळेवर व्हायचा, तिलाही घटकाभर डोळा मिटता यायचा. संध्याकाळी बाबा दात घट्ट मिटून बसले, तेव्हा तिने गोळी बोटाने आत ढकलली होती. "पुरे झालं तुमचं घड्याळपुराण," असं म्हणाली होती.

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नुकतंच तिने ते दुसऱ्याकडून वदवून घेतलं होतं. पण या नालायकासमोर? याच्यापुढे मान खाली घालायची? राग तिच्या घशात येऊन बसला. तो गिळवेना, आणि त्याच्यामागचं वाक्य बाहेर येईना. बाळ तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत सुटलेल्या माणसाची लाचारी होती. ते तिला सहन झालं नाही. ती तरातरा बाहेर आली. बोटांना मुंग्या येत होत्या.

वहिनी दाराशीच उभी होती.

"मला काही माहीत नव्हतं," ताई तिला म्हणाली. वहिनीने काही विचारलंच नव्हतं.

टक्.

ताई जिना उतरायला लागली, तरी वहिनीने दार लावलं नाही. सावकाश चालणारं माणूस मागून बाहेर पडत असावं तशी ती अंग चोरून, दार धरून उभी राहिली. बराच वेळ. मग डोक्यावरचा पदर सारखा करत ती खाली वाकली, कुणाच्या तरी पाया पडली, आणि तिने दार लावून घेतलं.