निवळी आणि आबांचा आवाज

पडद्यावर आबांचे ओठ हलत होते, भुवया उंचावत होत्या, मधूनच ते बोट नाचवून काहीतरी ठासून सांगत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. शाल्मलीने आवाज शेवटपर्यंत वाढवला. तरी शांतताच. सुरुवातीचे काही तुकडे नीट वाजत होते, मधले तुटक, आणि शेवटच्या तुकड्यांत तर आबा अगदी मुके झाले होते. एरवी ती पोट धरून हसली असती. आज तिला रडू येत होतं.

दुपारचे तीन वाजले होते आणि पाचच्या आत ही फिल्म रुग्णालयात पोचायला हवी होती. आबांच्या घशात गाठ वाढली होती, आणि उद्या सकाळी त्यांचं स्वरयंत्र (घशातला आवाज निर्माण करणारा अवयव) काढून टाकणार होते. त्या जागी डॉक्टर एक कंठयंत्र बसवणार होते. माणसाने नुसते ओठ हलवले की ते त्याच्या वतीने बोलतं. पण कोणाच्या आवाजात बोलायचं हे त्याला बसवण्याआधी, एकदाच, शिकवावं लागतं. त्यासाठी ओठ आणि आवाज एकत्र असलेली वीस मिनिटांची फिल्म लागते, आणि तीही ताजी, कारण जुन्या भाषणांतले ओठ वेगळे हलतात. फिल्म नसली तर कंठयंत्र कारखान्यातल्या आवाजात बोलतं. शाल्मलीने तो आवाज ऐकला होता. लिफ्टमधली बाई मजले सांगते ना, तसा.

आबा म्हणजे डॉ. गजानन वैराळे, अमरावतीचे ध्वनिशास्त्रज्ञ. सगळी हयात त्यांनी आवाजांचा अभ्यास करण्यात घालवली आणि आता आवाजानेच त्यांची साथ सोडली होती. गेल्या तीन महिन्यांत, जमेल तसं दोन-दोन मिनिटं बोलून, त्यांनी हे तुकडे नातीकडून टिपून घेतले होते. आठवड्यापूर्वी तेही थांबलं. आता ते पाटीवर लिहून बोलत. पुन्हा बोलून घेऊ म्हणायची सोय राहिली नव्हती.

तुकडे जोडायचं काम शाल्मलीने हौसेने अंगावर घेतलं होतं. वय बारा असलं तरी फिल्म जोडायच्या 'चित्रगाठ' नावाच्या सॉफ्टवेअरवर तिचा हात चांगला बसला होता. तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, हेडफोन बदलले, चित्रगाठ काढून नव्याने टाकली. शेवटी तिने हात टेकले.

"फिल्म वेळेत पोचण्याची शक्यता नऊ टक्के," ठोकळ्या म्हणाला. ठोकळ्या हा घरातला जुना यंत्रमानव. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण वाईट बातमी द्यायला त्याला निमंत्रण कधीच लागत नसे.

आबांनी खुर्ची जवळ ओढली आणि पाटीवर लिहिलं, 'मूळ तुकडे शाबूत आहेत?'

शाल्मलीने शेवटचा तुकडा चित्रगाठीत न घालता साध्या प्लेअरवर लावला. "शाल्मले, ऐकतेस ना?" आबांचा घोगरा, खरखरीत आवाज खोलीभर झाला. आठवड्यानंतर तो आज ऐकू आला होता. आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी भराभर लिहून समजावलं. फिल्म जोडणारं सॉफ्टवेअर मूळ तुकड्याला हात लावत नाही. इथे कापा, तिथे जोडा, हा आवाज बारीक करा, अशा सूचना तेवढ्या ते लिहून ठेवतं आणि शेवटी त्याप्रमाणे नवी फिल्म तयार करतं. गच्चीवरची टाकी भरलेली आहे आणि नळ मात्र कोरडा, तर बिघाड मधल्या पाइपात असणार. तसंच हे.

मधला पाइप म्हणजे आवाजाची प्लगइन्स (मुख्य सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम). शाल्मलीने त्यांचा बाजारच भरवला होता. एक पंख्याची घरघर काढायचं, एक शेजारच्या बांधकामाची धडधड, एक ओठ आणि आवाज जुळवून द्यायचं. सगळी प्लगइन्स एकदम बंद करणारी कळ तिने दाबली, तेव्हा आबा बोलू लागले खरे, पण पंखा आणि धडधडही परत आली. तशी फिल्म चालली नसती, कारण कंठयंत्र ती धडधडही आबांचीच समजून शिकलं असतं. म्हणजे बिघडलेलं प्लगइन तेवढं हुडकून काढायचं आणि बाकीची ठेवायची. यादीत बत्तीस नावं होती.

"एका चाचणीला सात मिनिटं," ठोकळ्या म्हणाला. "बत्तीस चाचण्यांना पावणेचार तास. शक्यता चार टक्के."

'एकेक कशाला?' आबांनी लिहिलं. 'अर्धी बंद कर.'

सोळा बंद केली आणि आवाज आला, तर गुन्हेगार त्या सोळांत. नाही आला, तर उरलेल्या सोळांत. कसंही असलं तरी एकाच चाचणीत निम्मे संशयित सुटले. मग आठ, मग चार, दोन, एक. पाच चाचण्या, पस्तीस मिनिटं. यादी हजाराची असती तरी दहा चाचण्यांत काम झालं असतं. शाल्मलीच्या जिवात जीव आला.

तिने पहिली सोळा बंद केली. सात मिनिटांनी फिल्म तयार झाली आणि आबा मुकेच होते. म्हणजे गुन्हेगार दुसऱ्या सोळांत. खात्री करायला तिने पहिली सोळा चालू केली आणि दुसरी बंद केली. आता आवाज यायलाच हवा होता. तो आला नाही.

"दोन्ही गट निर्दोष," ठोकळ्या म्हणाला. "हे गणितात बसत नाही."

शाल्मलीने डोकं खाजवलं. गुन्हेगार दोन असले तर? दोन्ही गटांत एकेक? मग एक गट बंद केला तरी दुसऱ्यातला आपलं काम करणारच. तिने हे बोलून दाखवलं, तेव्हा आबांनी कितीतरी दिवसांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि लिहिलं, 'मग बत्तीसही बंद कर.'

आणखी सात मिनिटं गेली. पडद्यावर आबा तसेच ओठ हलवत राहिले.

आबांनी पाटी पुसली. 'मघाच्या कळीने सगळी बंद केली, तेव्हा आवाज आला. आता बत्तीस बंद केली, तर येत नाही. मग यादीबाहेर कोण आहे?'

शाल्मलीने मान खाली घातली. यादीबाहेर कोण होतं ते तिला ठाऊक होतं. यादी करतानाच तिने ते नाव गाळलं होतं.

"निवळी," ती हळूच म्हणाली. "पण ती तर तुमची आहे, आबा."

पूर्वी गढूळ पाणी स्वच्छ करायला त्यात निवळीची बी उगाळून घालत. तेच नाव आबांनी आपल्या प्लगइनला दिलं होतं. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी ते बनवलं, आणि तेव्हापासून बातम्यांपासून लग्नाच्या फिल्मपर्यंत सगळीकडे ते आवाज निवळून देत होतं. घरात निवळीबद्दल वाकडा शब्द कोणी काढत नसे. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आबांवरच घेतल्यासारखं शाल्मलीला वाटलं होतं, म्हणून तिने तिला चाचणीत धरलंच नव्हतं.

आबांनी खडू उचलला. मग त्यांनी दोनच शब्द लिहिले. 'बंद कर.'

शाल्मलीने निवळी बंद केली, बाकीची बत्तीस चालू केली. सात मिनिटांनी आबांचा आवाज आला, पहिल्या तुकड्यापासून शेवटपर्यंत, आणि मागे ना पंखा होता ना धडधड. ती खुर्चीतून उठलीच. पण आबांचा चेहरा पार उतरला होता.

त्यांनी पाटीवर दोन रेघा काढल्या. एक नागमोडी, सगळे उंचवटे सारखे. निरोगी गळ्यातले स्वरतंतू (बोलताना कापणाऱ्या दोन पातळ पट्ट्या) एकमेकांना नीट भेटतात, तेव्हा आवाजाच्या लहरी अशा एकसारख्या येतात. दुसरी रेघ वेडीवाकडी. गाठीमुळे तंतू नीट भेटत नाहीत, मधून हवा निसटते, लहरी मोडतात आणि आवाज घोगरा होतो. निवळीला शिकवलेलं होतं की एकसारखी लहर म्हणजे आवाज आणि मोडकी लहर म्हणजे कचरा. तीन महिन्यांत आबांचा आजार जसा वाढला, तसा निवळीने त्यांचा आवाज आधी थोडा आणि मग सगळा झाडून टाकला.

त्याखाली त्यांनी लिहिलं, 'अडतीस वर्षं. असे किती घोगरे आवाज मी पुसले असतील?'

"तुम्ही शिकवलं तेच तिने केलं, आबा," शाल्मली म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की यात दिलासा काहीच नाही. आबांनी मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. पाचला बावीस मिनिटं असताना फिल्म रुग्णालयात पोचली.

"शक्यता शंभर टक्के," ठोकळ्या म्हणाला. "पोचली म्हणून."

पाच आठवड्यांनी आबांचं कंठयंत्र सुरू झालं. त्यांनी ओठ हलवले आणि खोलीत तोच घोगरा आवाज उमटला, "शाल्मले, ऐकतेस ना?" शाल्मलीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. शाल्मलीने ठोकळ्याच्या टक्केवारीची अशी काही नक्कल केली, की आबा खदखदून हसले. त्यांचे खांदे हलले, डोळे मिटले, आणि आवाज आला नाही. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये आबा एकदाही हसले नव्हते. हसावं असं त्या महिन्यांत काही घडलंच नव्हतं. शाल्मलीच्या हे लक्षात आलं, आणि आबांच्याही.

"हे राहिलंच," कंठयंत्रातून आबा म्हणाले.

आता दर रविवारी ती दोघं निवळीला नव्याने शिकवायला बसतात. कोपऱ्यावरचे भाजीवाले, निवृत्त वैद्यबाई, ज्यांचे ज्यांचे घसे बसलेत त्यांना बोलावून आणतात, दोन मिनिटं बोलतं करतात आणि मग काहीतरी सांगून हसवतात. नवी निवळी काहीही पुसण्याआधी विचारेल, हे कोणाचं आहे का म्हणून. काम अजून बरंच बाकी आहे, आणि बिघाड तर रोजच होतात. बिघाड झाला की शाल्मली संशयितांची यादी करते. पहिलं नाव निवळीचं असतं, कारण आबांनी तसं बजावलं आहे. दुसरं नाव ती कोणी न सांगताच स्वतःचं लिहिते.