उत्तरेची भिंत

किलमोर्दनचं जुनं चर्च विकायला काढलं होतं. त्याआधी त्याची नीट नोंद करून ठेवायची, म्हणून इस्बेल रँकिन नोव्हेंबरात तिथे आली. पुरातत्त्वाच्या कामात तिची तीस वर्षं गेली होती. अठ्ठावीस नवऱ्याच्या, फर्गसच्या जोडीने; तो वारल्यावर शेवटची दोन एकटीने.

तिच्याशिवाय तिथे येणारा एकच माणूस होता, डूगल लॅमंट. चाळीस वर्षं त्याने चर्चची घंटा वाजवली होती. आता घंटाही उतरवली होती, तरी तो रोज अकराला चहाचा थर्मास घेऊन यायचा.

उत्तरेच्या भिंतीचा गिलावा काढल्यावर दगडाने बुजवलेलं एक भोक निघालं.

"पूर्वी बाहेर एक खोली असणार," इस्बेल म्हणाली. "एखादी बाई जन्मभरासाठी स्वतःला कोंडून घ्यायची. इथून तिला प्रार्थना दिसायची."

"बाहेर आता माझी आई पुरलीय," डूगल म्हणाला. "तिला कोंडून घ्या म्हटलं असतं, तर आधी पाद्र्यालाच कोंडलं असतं तिने."

दोघांनी मिळून दगड काढला तेव्हा दोघांनाही धाप लागली. आत मिट्ट काळोख होता. इस्बेल बाहेर जाऊन पाहून आली. भिंत सलग होती आणि पुढे ओलं गवत. भिंतीची जाडी नव्वद सेंटिमीटर.

डूगल गेल्यावर तिने भोकात मोजपट्टी सरकवली. नव्वद झाले. एक मीटर वीस झालं. दोन मीटर वीसवर पट्टी थांबली.

आत दुमडली असेल, असं ती स्वतःला म्हणाली.

तेवढ्यात पट्टीला हलकेच दोन हिसके बसले.

वाऱ्यात हाका ऐकू येत नसत, तेव्हा पट्टीचं दुसरं टोक धरून फर्गस असेच दोन हिसके द्यायचा. म्हणजे, धरलंय, आता आकडा वाच.

"दोन वीस," इस्बेल सवयीने म्हणाली. पट्टी सैल पडली.

तिने कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर तीन दिवस दुपारचं चीज आणि ओटची बिस्किटं तिने त्या भोकापाशी बसूनच खाल्ली. घराबद्दल बोलली. गच्च बसलेल्या खिडकीबद्दल, रविवारी कुणाचा फोन येत नाही त्याबद्दल. दर थोड्या वेळाने पट्टी आत सोडायची. हिसके यायचे. दर खेपेला आकडा कमी भरायचा. दोन. दीड. एक दहा.

चौथ्या दिवशी तिने पट्टी बाजूला ठेवली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"बाई."

डूगल मागे उभा होता. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"हात काढा. हळू काढा."

"फर्गस आहे तो."

"असेल," डूगल म्हणाला. "पण चाळीस वर्षं मी या भिंतीशेजारी झाडतोय. ते ज्याच्या त्याच्यासाठी त्याचं गेलेलं माणूस होतं, बाई. माझ्यासाठी ते माझी आई होतं."

तिने हात काढला. बोटं उबदार होती.

दगड परत बसवायचं त्यांनी ठरवलं. दोघांनी तो उचलून भोकाच्या तोंडाशी टेकवला. ओझ्याने इस्बेलची पकड सुटली, ती मागे सरली. दगड मात्र पडला नाही. सावकाश, आवाज न करता, तो आत गेला आणि भिंतीशी सपाट बसला.

डूगल दोन्ही तळवे समोर धरून उभा होता.

"मी ढकलला नाही," तो म्हणाला.

चुना कालवलेला तयार होता. लागलाच नाही. दगडाभोवती कागद जाईल एवढीसुद्धा फट उरली नव्हती.