रस्त्यात अनोळखी

लाल चिठ्ठी पिशवीच्या गाठीखाली, उजवीकडे किंचित कललेली होती. 'उचलता येत नाही', एवढंच तिच्यावर छापलेलं. पिशवी पारदर्शक, त्यामुळे गुन्हाही उघड – शिंपल्यांची टरफलं, संत्र्याची सालं आणि त्यांच्यातच, खरं तर वेगळी टाकायची असते ती, एक काचेची बाटली. त्या आठवड्यात गल्लीच्या कचऱ्याच्या कोपऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. पिशवीचा मालक शोधणं मलाच भाग होतं.

पण तो आपणहून आला. शिंजी तळ्यावरचं धुकं अजून मात्सुए शहराच्या गल्ल्यांत रेंगाळत होतं. त्यातून आधी रबरी बूट दिसले, मग तो.

"ही तुमची?"

"माझीच. एका बाटलीसाठी एवढी लाल चिठ्ठी?"

"चार लोकांत लाज वाटावी, म्हणूनच लावतात."

"वाटली की!" तो हसला. "आता घरी नेऊ... की दुपारपर्यंत इथेच उभा राहून अजून थोडी वाटून घेऊ?"

मी हसू दाबलं. नीट दाबलं गेलं नसावं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या दाराची घंटी वाजली. दारात तोच.

आईबद्दल, म्हणजे गल्लीतल्या फुकुमाबाईंबद्दल, सांगायला हवं. मुदतीआधी अटींवर तुरुंगातून सुटलेली माणसं महिन्यातून दोनदा आमच्याकडे येतात. आई त्यांना चहा देते, काम कसं चाललंय ते विचारते आणि सरकारला कळवते. हे ती बिनपगारी करते, आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे. म्हणूनच घरात एक नियम पक्का – ही माणसं रस्त्यात भेटली, तर ओळख दाखवायची नाही. आपण नुसती मान हलवली, तरी लोक बरोबर अंदाज बांधतात.

"ओळख आहे का तुमची?" आईने विचारलं.

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्याचं नाव काडोवाकी शूहे. तळ्याकाठच्या एका शेडमध्ये तो शिंपले निवडायचा. तेविसाव्या वर्षी तो एकट्या म्हाताऱ्यांना फोनवरून फसवणाऱ्या टोळीत होता. पैशांचं पाकीट घ्यायला दारावर जायचा तो. हे त्यानेच मला सांगितलं, तिसऱ्या गुरुवारी, आई आत चहा करत असताना.

"पाऊस पडत होता. एका आजींनी पाकीट दिलं, आणि भिजशील म्हणून वर छत्रीही दिली," तो म्हणाला.

मग त्याने माझ्या कागदांकडे बघितलं. रसायनशास्त्र सोडून मी गुन्ह्यांचं समाजशास्त्र शिकायला लागले होते. प्रबंध अर्धा झाला होता.

"काय लिहिता यात?"

"माणसं नियम का मोडतात, यापेक्षा बहुतेक माणसं का मोडत नाहीत, ते. नाती, काम, उद्याची आशा... हे धागे माणसाला धरून ठेवतात, असं एक मत आहे."

"आणि दुसरं?"

"एकदा लोकांनी गुन्हेगार म्हटलं, की माणूस हळूहळू स्वतःलाही तेच म्हणू लागतो."

"हं." त्याने कप हातात फिरवला. "आणि तुम्ही? तुम्ही का नाही मोडत नियम?"

"अजून तसं कुणी भेटलं नाही."

बोलून गेले... आणि कान तापले.

रस्त्यात मात्र आम्ही अनोळखी. कालव्यावरच्या पुलावर आम्ही एकमेकांना सरासरी अकरा सेकंद दिसायचो. मी मोजलं होतं. तेवढ्यात तो टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा. बस, एवढंच. एवढ्यावर माझा दिवस तरंगत जायचा.

एप्रिलमध्ये त्याची मुदत संपली आणि गुरुवार थांबले. मग आम्ही इझुमोला भेटू लागलो, आगगाडीने तासाभरावर, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. खिडकीबाहेर तळं चांदीसारखं पसरलेलं असायचं. परतताना वेगवेगळ्या दारांनी उतरायचो.

"दोन शिंपले एकमेकांवर वाजवायचे," तो मला त्याचं काम समजावून सांगायचा. "जिवंत असला की टणक वाजतो. मेलेला – पोकळ."

"माणसांचं असं कळलं असतं तर?"

"माणसांना वेळ लागतो. तुझ्या आईंना वर्षभर चहा पाजावा लागला!"

जुलैत त्याने लग्नाचं विचारलं. प्रबंध होऊ दे, मी म्हटलं. सप्टेंबरात प्रबंध झाला. मग म्हटलं, आईशी बोलू दे. खरं कारण मला माहीत होतं. शिक्का शेजारी उभ्या राहणाऱ्यालाही लागतो, यावर मीच अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"दूर उत्तरेला, आओमोरीतल्या एका तळ्यावर माणूस हवाय," ऑक्टोबरात तो म्हणाला. "सोमवारी कळवायचंय. तू नाही म्हणालीस तरी चालेल, चिगुसा. पण... असं अधांतरी नको ठेवूस गं."

त्याआधीचा रविवार गल्लीतली गटारं उपसण्याचा. त्या सकाळी प्रत्येक घरातून माणूस यावाच लागतो. आई फावडं घेऊन पुढे होती. शूहे गुडघाभर चिखलात. एकट्या राहणाऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इतोहारा काकू काठावरून त्याला निरखत होत्या.

"काय रे, गुरुवारचा तू फुकुमाबाईंकडे यायचास ना? त्यांच्याकडे येणारे म्हणजे..."

फावडी थांबली. आईने वर बघितलं. घरी कोण येतं ते सांगायची तिला मनाईच होती.

"हो काकू," शूहे म्हणाला. "त्यातलाच मी. तुमच्यासारख्यांनाच फसवलं होतं. शिक्षा भोगून आलोय."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. शूहेने माझ्याकडे बघितलं नाही. नियमाप्रमाणे, अगदी परक्यासारखा तो खाली वाहत्या पाण्याकडे बघत राहिला.

"चिगुसा, तू तर घरातलीच," काकू माझ्याकडे वळल्या. "तू ओळखतेस याला?"

त्याने मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. नको...

मी चिखलाने माखलेले हातमोजे काढले आणि गटार ओलांडून त्याच्या बाजूला गेले.

"ओळखते, काकू," मी म्हटलं. "मी याच्याशी लग्न करणार आहे."