न वाचलेली दोन प्रकरणं

ज्यांना हे रचलेलं वाटेल, त्यांना वाटू दे. मी वाद घालणार नाही.

इन्शिराह माझी मावसबहीण. ती खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली. ही गोष्ट त्या एका खोट्याचीच आहे.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. मन्सूरा शहर, नाईलपासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावरचं घर. आणि वेळ रात्रीची नव्हे. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतरची. खाली संत्रीवाला ओरडत जातो, गच्च्यांवर कपडे वाळत असतात, अशी चांगली उजेडाची वेळ.

तिचा नवरा वग्दी कोर्टात चौतीस वर्षं कारकून होता. त्याला एकच नाद होता, रहस्यकथा वाचायचा. पदपथावर जुनी पुस्तकं विकणारा शुक्री त्याच्यासाठी खुनांच्या कादंबऱ्या बाजूला काढून ठेवायचा आणि वर चेष्टाही करायचा, की तुम्ही पुस्तक वाचत नाही, त्याचा जबाब घेता. खरंच होतं ते. कादंबरी फसली की वग्दी ती परत नेऊन द्यायचा आणि कुठे फसली ते सांगायचा.

"खुन्यानं आपल्याबरोबर एकदा तरी चहा प्यायलेला असावा," तो म्हणायचा. "शेवटच्या पानावर दार उघडून कुणी नवाच माणूस आत आणला, तर तो लेखक नाही, चोर."

मग त्याला अर्धांगवायू झाला.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. राहिला फक्त डावा हात, आणि त्या हातातली लग्नाची चांदीची अंगठी.

तेव्हापासून इन्शिराह त्याला वाचून दाखवायची. रोज, असर ते मगरिब, दिवस मावळेपर्यंत. ती सोमवार-गुरुवारचे रोजे धरणारी, कुराणाचा रोजचा पाठ न चुकवणारी बाई. खुनाच्या गोष्टी तिला आवडत नव्हत्या. शाळाही लवकर सुटलेली, त्यामुळे अडखळत वाचायची. पण वाचायची.

वग्दी खुर्चीत बसून ऐकायचा आणि खुर्चीच्या लाकडी हातावर अंगठी वाजवायचा.

एकदा वाजली, तर छान, वाच पुढे.

दोनदा वाजली, तर पाल्हाळ आहे, गाळ.

तीनदा वाजली, तर काहीतरी लपवलंय, मागे जा.

अशी चार वर्षं गेली.

चार वर्षं म्हणजे काय, ते ज्यानं आजारी माणूस उचललाय त्यालाच कळेल. पहाटे उठवायचं, धुवायचं, कूस बदलायची, भरवायचं, पाव आणायला रांगेत उभं राहायचं, परत येऊन चादर बदलायची. शेवटी शेवटी इन्शिराह उभ्या उभ्या झोपायची. नमाजात सजद्यात डोकं टेकवलं की वर काढावंसं वाटायचं नाही, असं तिनं मला एकदा खालच्या आवाजात सांगितलं होतं. त्याचीही तिला लाज वाटायची.

तो गुरुवार होता. तिचा रोजा होता. दोनदा चादर भिजली होती. शुक्रीकडून आणलेली जाड कादंबरी संपत आली होती. सुवेझमधल्या एका औषधवाल्याचा त्याच्याच जेवणाच्या टेबलावर खून होतो, आणि टेबलाभोवती पाच माणसं असतात.

नववं आणि दहावं प्रकरण तिनं सकाळी चाळून पाहिलं. त्यात काहीच घडत नव्हतं. औषधवाल्याची बहीण दुकानातल्या रिकाम्या बाटल्या धुते, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देते. चाळीस पानं नुसती धुणीभांडी.

तिनं डोक्यावरच्या रुमालाची एक टाचणी काढली. त्या दोन प्रकरणांची पानं एकत्र टाचली. म्हणजे उलटताना एकदम उलटतील.

दुपारी वाचताना ती उलटलीही. अकराव्या प्रकरणात पोलीस अधिकारी विचारतो, ती ओली बाटली कुठे आहे?

टक्. टक्. टक्.

कुठली बाटली? वग्दी तिच्याकडे पाहत होता.

इन्शिराह म्हणाली, "वल्लाह, निहालचे बाबा, इतकंच लिहिलंय."

अल्लाहची शपथ. रोज्याच्या तोंडानं.

तो काही वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग तिनं शेवटपर्यंत वाचलं. खुनी निघाली ती बहीण. वग्दीच्या लेखी ती अचानक कुठूनतरी उगवली होती. तिनं त्याच्याबरोबर चहा प्यायलाच नव्हता.

त्यानं एकदाही अंगठी वाजवली नाही. हात उचलून मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

शुक्रवारी पहाटे ती त्याला वुजूसाठी, नमाजाआधी हात-तोंड धुवायला, उठवायला गेली, तेव्हाही तोंड भिंतीकडेच होतं.

अंग गार पडलेलं.

लोक म्हणाले, शुक्रवारचं मरण, भाग्यवान माणूस. इन्शिराह मान हलवत राहिली. चाळीस दिवस झाल्यावर ती मशिदीतल्या शेखसाहेबांकडे गेली आणि पडद्याआडून सगळं सांगितलं. भरपाई म्हणून तीन रोजे धरू का, दहा गरिबांना जेवू घालू का, असं विचारलं.

शेखसाहेब म्हातारे होते, मवाळ होते. म्हणाले, पुढे करायच्या गोष्टीची शपथ मोडली तर ती भरपाई आहे. घडून गेलेल्या गोष्टीवर जाणूनबुजून खोटी शपथ घेतली, तर तीन रोज्यांनी ते फिटत नाही.

"तौबा कर, मुली. आणि ज्याला फसवलंस, त्याच्याकडून माफ करून घे."

"ते कबरीत आहेत, शेखसाहेब."

 ते म्हणाले, मग त्याच्यासाठी दुआ करत राहा.

दुसऱ्याच दिवशी असरचा नमाज संपवून इन्शिराह उजवीकडे सलाम फिरवत होती. डावीकडे फिरवला, आणि...

टक्. टक्. टक्.

आतल्या खोलीतून.

तिला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या बाई लसूण ठेचत असतील. ती उठून गेली. खोलीत खुर्ची होती, तिचं स्टूल होतं, खिडकीतून ऊन आलं होतं. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा वाजलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. घराला कुलूप लागलं.

असर झाली. इन्शिराह जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, तशीच बसून राहिली. पंखा बंद. नळ बंद. खाली संत्रीवालाही नव्हता.

...

टक्. टक्. टक्.

लाकडावर धातूचा आवाज. चार वर्षं ऐकलेला. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

मुलगी निहाल दमयाताहून आली. ती असरच्या वेळी आईजवळ बसली. इन्शिराहला आवाज आला, निहालला नाही. निहाल चिडली नाही, पण म्हणाली, "आई, चार वर्षांत तू जेवढे खून वाचलेस तेवढे पोलिसांनीही पाहिले नसतील. कान वाजणारच. चल माझ्याकडे."

इन्शिराहनं फक्त एवढंच विचारलं की बाबांची अंगठी कुठे आहे.

निहाल म्हणाली, "माझ्याकडे. गुसल देताना, शेवटची अंघोळ घालताना काढली तेव्हा मामूंनी माझ्या हातात दिली. दमयाताला कपाटात आहे, कुलपात."

म्हणजे अंगठी या घरातच नव्हती.

इन्शिराह मुलीबरोबर गेली नाही. ती मला म्हणाली, भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त दुसरंच वाटत होतं. ज्याची माफी मागायची, तो रोज येतोय. आणि मी दार लावून निघून जाऊ?

निहाल गेल्यावर दुसऱ्या दुपारी तिनं फळीवरून ती कादंबरी काढली. तीनदा म्हणजे मागे जा. तिला अर्थ माहीत होता. इतके दिवस ती फक्त हात लावायला घाबरत होती.

पुस्तक उघडलं, आणि...

नववं प्रकरण समोर होतं.

पानं सुटी होती. टाचणी नव्हती.

तिनं पुस्तक झटकलं. फळी पाहिली. फरशीवर हात फिरवला. टाचणीची दोन बारीक भोकं प्रत्येक पानावर होती, टाचणी आजतागायत सापडलेली नाही. त्या गुरुवारनंतर पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता.

ती स्टुलावर बसली. खुर्चीच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. बिस्मिल्लाह म्हणाली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

बहीण बाटल्या धुते. एका बाटलीवरची चिठ्ठी ती पाण्यात भिजवून अलगद सोडवते आणि खिडकीच्या काचेवर वाळत लावते. दारात पाहुणा येतो. ती हात पुसून चहा ठेवते. पाहुणा साखर किती म्हणून सांगतो, आणि ती त्या चिठ्ठीकडे पाठ करून उभी राहते. एवढंच.

पण इन्शिराहचा आवाज आपोआप बारीक झाला. हिनं चिठ्ठी का वाळवली? पाहुण्याला ती दिसली का? सगळं समोर होतं. काहीच लपवलेलं नव्हतं. फक्त बघणाऱ्यानं बघायचं होतं. धुणीभांडी म्हणून तिनं जे टाचून टाकलं होतं, सगळी गोष्ट त्यातच होती.

एकही टक् आलं नाही.

तिनं पान उलटलं. आणखी एक उलटलं. अक्षरं दिसेनात म्हणून मान वर केली, तर खोलीत अंधार होता. मगरिबची अजान होऊन गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या कानावर पडली नव्हती. तिनं घाईनं उठून नमाज पढला आणि रडली. कशासाठी, ते तिला नीट सांगता येत नाही. हा माणूस चार वर्षं कशासाठी बसून राहायचा, ते आज कळलं, एवढंच म्हणाली.

तीन दुपारी लागल्या. तिनं एक ओळ गाळली नाही. तिसऱ्या दुपारी शेवट आला. बहीण पकडली जाते, आणि या वेळी ती कुठूनतरी आलेली नव्हती. ती आधीपासून तिथे होती, चहा देत.

इन्शिराहनं पुस्तक मिटलं. बाहेर अजून ऊन होतं.

ती खुर्चीकडे तोंड करून म्हणाली, "निहालचे बाबा, मी दोन प्रकरणं गाळली होती. वर अल्लाहची खोटी शपथ घेतली. मी फार थकले होते. मला माफ करा."

काही नाही.

तिनं वाट पाहिली. एकदा वाजेल. दोनदा वाजेल. काहीही वाजू दे.

काही नाही...

आणि मग खुर्चीची रेक्झिनची गादी, मधोमध दबलेली, हळूहळू वर आली. कुणी उठल्यावर येते तशी. आत हवा शिरल्याचा बारीक फुस्स असा आवाज. खुर्चीचे दोन्ही हात एकदा करकरले. दोन्ही. उजवासुद्धा.

चार वर्षांत तो एकदाही आपला आपण उठला नव्हता. दर वेळी तिनं काखेत हात घालून उचललं होतं.

त्या दिवसानंतर आवाज आलेला नाही. घर शांत आहे. निहालला वाटतं, आई सावरली. शेजारणी म्हणतात, चेहऱ्यावर आता जरा तजेला आलाय.

पण मी गेले की चहा ओतता ओतता इन्शिराह मला तेच विचारते. शेखसाहेबांनाही विचारून झालंय. ते नुसते, अल्लाह जाणे, म्हणाले. तिचा प्रश्न एकच, "माझी माफी ऐकून उठले असतील ते, की गोष्ट संपली म्हणून?"

 गेल्या आठवड्यात मी म्हटलं, उठून गेले ना शांतपणे, म्हणजे माफच केलं असेल.

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला.

"उठले, ते मी पाहिलं," ती म्हणाली. "गेलेले काही पाहिले नाहीत."