मठाचा कालवा आणि दोन हट्टी काका

“तीन वाजता इंजिनियर येणार, आणि तुम्ही दोघं प्लम काय खात बसलाय!” अपोलिन कडाडली.

आठशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी नदीपासून कालवा खणून आणला, त्यावर गिरणी बसवली आणि त्या गिरणीभोवतीच सारं गाव वाढलं. केवढी हुशार माणसं ती! पण शनिवारी गावाने कालव्यातला गाळ काढला, आणि तेव्हापासून गिरणीकडे पाण्याचा थेंब आला नव्हता. ‘कालवा फुटला’ असा शेरा मारून इंजिनियर आज तो बुजवायला सांगणार होता. मग बाबांची गिरणी कायमची बंद!

“कालव्याचं नदीकडचं दार तर उघडंच आहे,” तिचा चुलतभाऊ लेऑन्स म्हणाला. “मग पाणी जातंय कुठे?”

“मला नका विचारू, मी लहान आहे,” त्याची नऊ वर्षांची बहीण तिफेन फुरंगटून म्हणाली. “पण महिनाभर पाऊस नाही, आणि तरी मठाच्या बागेत माझे बूट चिखलात रुतले!”

“चिखल? म्हणजे पाणी तिकडेच!” अपोलिन म्हणाली. मग तिघांनी बागेकडे धूम ठोकली.

बागेच्या भिंतीआड कालव्यात ओक लाकडाची जाड फळी अजून तशीच उभी होती, आणि सगळं पाणी बागेत वळत होतं! गाळ काढताना पाणी अडवायला ही फळी टाकायचा मान वरच्या आळीतल्या व्होक्लँकाकांचा. काम झालं की त्यांनी निरोप द्यायचा, आणि खालच्या आळीतल्या तार्दिव्हेलकाकांनी ती उचलायची. पण लोखंडी गोळे फेकायच्या खेळात भांडण झाल्यापासून दोघांचा अबोला होता.

“म्हणजे एकाने निरोप दिला नाही, आणि दुसरा निरोपाची वाट बघत बसला!” अपोलिनने कपाळावर हात मारला.

तिघांनी फळी वर ओढून पाहिली, पण ती तसूभरही हलेना.

“लेऑन्स, तू खालच्या आळीत पळ. तिफेन, तू वरच्या! दोघांना एकच सांगायचं: दुसऱ्या आळीतले काका म्हणतात, आता तुमच्याने फळी हलत नाही!”

दहाच मिनिटांत तार्दिव्हेलकाका धापा टाकत आले. “माझ्याने हलत नाही? कोण म्हणतो?”

“अरे वा! म्हणे माझ्याने हलत नाही!” पलीकडून व्होक्लँकाका गरजले.

“भांडा मागाहून! आधी ओढा!” अपोलिन ओरडली.

दोघांनी बाह्या सावरल्या आणि एकमेकांना दाखवायला जीव खाऊन जोर लावला. कर्रर्र! फळी वर आली, आणि पाणी खळाळत गिरणीकडे सुटलं. पोरं काठाकाठाने त्याच्यामागे पळाली.

गिरणीपाशी इंजिनियरने नुकतंच पेन उघडलं होतं. तेवढ्यात चाक कुरकुरलं, फिरलं, आणि उडालेल्या पाण्याने त्याचा कागद चिंब भिजला! तो आधी दचकला, मग मोठ्याने हसला.

“साधूंचं काम अजून पक्कं आहे हो!” तो म्हणाला.

“कच्चे आहोत ते आम्ही!” पोरांकडून सारं ऐकून शेजारी उभ्या गावच्या महापौरबाई म्हणाल्या, तसे मागून आलेले दोन्ही काका लालेलाल झाले. “पुढच्या वर्षीपासून निरोप ही पोरं देतील. शाब्बास रे!”

पाच दिवस बाबांना घास गोड लागला नव्हता. त्यांनी अपोलिनला घट्ट जवळ घेतलं आणि गव्हाची पाटी तिच्या हातात दिली.

“आजचं पहिलं दळण तू टाक,” ते म्हणाले.