मे महिन्यातल्या विहिरींची यादी

हार्ड डिस्क म्हणजे तळहाताएवढा लोखंडी डबा. तो जुन्या पंचात गुंडाळून, वर सुतळी बांधून मी भर दुपारी अंबाजोगाईच्या बाजारातून चाललो होतो. उन्हामुळे अर्धी दुकानं बंद होती. डबा काही जड नव्हता, तरी मी दोनदा हात बदलला. घडलं तसं सांगायचा प्रयत्न करतो. पण माझ्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास उरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होतो. तालुक्यातल्या बावीस विहिरींची पाणीपातळी वर्षानुवर्षं मोजून मी निबंध लिहिले, त्यांवर परदेशातही जाऊन आलो. मोजायला मात्र बंकट जायचा, आमच्या विभागाचा शिपाई. फितीच्या टोकाला पितळेची पोकळ वाटी बांधलेली असे. ती पाण्याला टेकली की 'डुब्' असा आवाज येई. त्या क्षणी फितीवरचा आकडा वाचायचा. विहिरीवर नेहमी दोघांनी जायचं, हा नियम माझाच. कोणत्या तारखेला कोणती विहीर, याची दर महिन्याची यादी मी संगणकावर करून, छापून बंकटला देत असे.

१४ मे १९९५ हा रविवार होता. जोडीचा माणूस लग्नाला गेला होता, आणि मला परिषदेसाठी तेवढा एकच आकडा कमी पडत होता. बंकट एकटा गेला. संध्याकाळी घाटनांदूरच्या शिवारातल्या विहिरीत तो सापडला. खिशातल्या कागदाचा लगदा झाला होता.

फौजदारांनी विचारलं, "तुम्ही पाठवलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. सुट्टीचा दिवस होता."

मग विभागात जाऊन मी ती यादी संगणकावरून पुसली. मी न सांगितलेलं लोकांनी आपल्या परीनं भरून काढलं. बंकटनं जीव दिला, असं ठरलं.

निवृत्तीच्या वेळी तो जुना संगणक मी मोडीत विकत घेऊन घरी आणला. तो फारसा लावलाच नाही, आणि एका उन्हाळ्यात डिस्क फिरायची बंद झाली. मला बरंच वाटलं होतं.

बंकट गेल्यावर चार वर्षांनी, ९९च्या मेमध्ये, त्याची बायको दगडाबाई दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, माज्या पोरीचं, वनमालाचं लगीन वडवणीला जमत आलंय. पर पोराचा बाप म्हणतो, पोरीच्या बापानं हिरीत उडी टाकली, घराण्यात येड हाय का ते बघू द्या. अधिक महिना लागायच्या आत, शुक्रवारी बैठक हाय. तुमी फकस्त येवडं लिवून द्या, की त्यो कामावर गेलता."

"बघावं लागेल, बाई. नोंद सापडली तर..."

"नोंद कशाला? तुमाला तर म्हाईत आसंल."

"मला नक्की आठवत नाही."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी येवडे शिकल्याले. मी आंगठा लावणारी. पर मला त्या दिशी कोणती भाजी केलती त्ये सुदीक ध्यानात हाय."

मी खोटं बोललो, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र भीती वेगळीच होती. चार वर्षं एकच वाक्य मनाशी बोलत राहिलं की ते खरं वाटू लागतं. बंकटला जाताना पाहिलेला मी, आणि घरी झोपलेला मी, दोघंही मला सारखेच स्पष्ट दिसत. म्हणून पुरावा हवा होता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

संगमेश्वर माझा जुना विद्यार्थी. त्यानं संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पंचा सोडताना तो हसला.

"तुमच्या विषयात दोनदा नापास झालो, सर, म्हणून तर हा धंदा. तुमचेच उपकार."

त्यानं डिस्कला वायरी जोडल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवून मूठ कानाला लावली. आतून कट्... कट्... असा आवाज येत होता, कुणीतरी नखानं आतून वाजवल्यासारखा.

"अडकलीय. एक इलाज हाय. शेजारी काकाचं कोल्ड्रिंकचं दुकान हाय, त्याच्या फ्रीजात ठिवू. गार झाली तर पाच-दहा मिनिटं फिरंल. मग गेली ती गेलीच. काय पायजे ते आताच सांगा."

"एकच यादी. मे पंच्याण्णवची."

तासाभरानं त्यानं डिस्क आणली. प्लास्टिकच्या पिशवीत असूनही तिच्यावर दव धरलं होतं. त्यानं ती पुसून जोडली. ती घरघरली, अडखळली आणि फिरू लागली. त्याच वेळी त्या तापलेल्या पत्र्याच्या दुकानात ओला वास आला. शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा, पुष्कळ दिवस न उपसलेल्या पाण्याचा.

"सर..." संगमेश्वर पडद्याकडं बघत होता. "ही फाईल खराब झाली न्हाई. पुसलीय. नावाचं पहिलं अक्षर गेलंय न्हवं, ती खूण असती. परत आणायची तर मशीन ते अक्षर विचारतं." तो थांबला. "कुणी पुसली?"

मी अक्षर सांगितलं.  त्यानं ते टाकलं.

यादी उघडली. माझीच होती. गावाचं नाव, विहीर, तारीख, आणि पुढं पाण्याच्या खोलीचा रिकामा रकाना. आकडे बंकटनं आणायचे म्हणून तो नेहमी रिकामाच छापला जाई. १४ मे, घाटनांदूर. मी पाठवलं होतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"पर आकडा हाय की हितं," संगमेश्वर म्हणाला.

१४ मेच्या पुढं खोली भरलेली होती. त्याखाली मी न टाकलेल्या ओळी होत्या. १४ जून, घाटनांदूर. १४ जुलै, घाटनांदूर. दर महिन्याची चौदा तारीख, तीच एक विहीर, पावसाळ्यात वर येणारे आणि उन्हाळ्यात खाली जाणारे आकडे. संगमेश्वर कळ दाबून पानं खाली सरकवत होता. शहाण्णव. सत्त्याण्णव. डिस्क बिघडल्यानंतरचं अठ्ठ्याण्णवही.

शेवटची ओळ १४ मे १९९९ची होती. एकवीस मीटर पस्तीस. आणि त्या दिवशी बारा तारीख होती.

"सर... शुक्रवार आजून यायचाय..."

डिस्कमधून 'डुब्' असा आवाज आला. एकदाच. मग पंखा थांबला, पडदा काळा झाला. वीज गेली होती. ती परत आल्यावर डिस्क फिरली नाही, पुन्हा कधीच नाही.

संगमेश्वरनं डिस्कच्या वायरी काढल्या. "तुमी बगितलं, मी बी बगितलं. द्या की बाईला लिहून."

"त्यात न आलेल्या तारखेची नोंद होती, संगमेश्वर. असली नोंद खरी कशी मानायची?"

"मग खोटी काय म्हणून मानायची?" तो चिडून म्हणाला.

शुक्रवारी वडवणीत बैठक होती, आणि मी फीत घेऊन घाटनांदूरला गेलो. आधी आकडा पडताळू, जुळला तर लिहून देऊ. माझी विचार करायची पद्धतच अशी आहे. तिच्यावर मला पदव्या मिळाल्या आहेत.

भर दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं. आसपासची रानं नांगरून पडली होती. मी काठावर पालथा झोपून फीत सोडली. खालून तोच वास आला. डुब्. अंगठा जिथं होता तिथला आकडा वाचला. एकवीस पस्तीस.

मी फीत वर ओढली. ती आली नाही. अडकलीही नव्हती. दोघं मोजायला गेले की आकडा नीट वाचून होईपर्यंत दुसरा माणूस फीत ताणून धरतो, तशी ती धरलेली होती. मी मोठ्यानं आकडा म्हटला. का म्हटला, सांगता येत नाही. मग फीत सैल झाली.

शुद्धीवर आलो तेव्हा उन्हं कलली होती. मी बाभळीखाली होतो. तिथंच वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. बैठक तोवर संपून गेली असणार, हे मला कळत होतं.

शनिवारी सकाळी पत्र घेऊन दगडाबाईकडं गेलो. बाहेरून हाक मारली. ती हसतच बाहेर आली आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

"लई उपकार झाले, सर. काल तुमी सोता वडवणीला गेलाव. माझा भाऊ त्रिंबक बैठकीत व्हता, त्यो सांगतोय. सगळ्यांच्या देखत बोललाव म्हणं. समद्यांच्या डोळ्याला पानी आलं. जमलं, सर."

त्रिंबकनं मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात तिनं कागद आणून दाखवला. 'बंकटला त्या दिवशी मी पाठवलं. तो माझ्या कामावर मेला. मी खोटं बोललो.' अक्षर माझं. सही माझी. पण इतकी छोटी, सरळ वाक्यं मला लिहिता येत नाहीत. माझं पत्र दीड पानाचं होतं, आणि त्यात 'बहुधा' हा शब्द तीनदा आला होता.

आयुष्यात करण्यासारखं एक काम होतं. ते माझ्या नावानं झालं, आणि मी तिथं नव्हतो. की होतो? दुपारपासून उन्हं कलेपर्यंत मी नक्की कुठं होतो, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. खिशातलं पत्र मी खिशातच ठेवलं. तेवढीही हिंमत झाली नाही.

"तुमच्यासंगं कुणी व्हतं म्हणं," दगडाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "अंगणात पाठमोरा हुबा ऱ्हायला. चहाला बलिवलं तर तुमी म्हनलाव, ऱ्हाऊ द्या... ह्यो आता माझ्यासंगंच आसतो."

मी तिच्याकडं पाहिलं, आणि मग माझं लक्ष गेलं. चार वर्षं तिचं कपाळ मोकळं होतं. आज त्यावर ठसठशीत कुंकू होतं.

 "येतो," म्हणालो आणि वळलो. पाठीमागं बांगड्या वाजल्या. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला असावा. फाटकाशी पोचल्यावर मी एकदाच मागं पाहिलं. वाट द्यायला सरकतात तशी ती उंबऱ्याच्या एका बाजूला, मान खाली घालून उभी होती. मी तर केव्हाच तिच्यापासून दूर आलो होतो. ती तशीच थांबली. मग कुणीतरी जवळून माझ्या मागं निघाल्यासारखा तिचा पदर हलला, आणि तिनं सावकाश दार लावून घेतलं.